पत्र्याच्या बोटीच्या पोटात

वाईला आजोळी न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचं एक घंगाळ असायचं. सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या, जेवणं झाली आणि मोठी माणसं जरा कलंडली, की ते घंगाळ आमच्या ताब्यात यायचं. ते काठोकाठ भरायचं आणि माळ्यावरची बोट खाली काढायची. वीतभर लांबीची पत्र्याची बोट, वरून लाल, कडेने निळी. मामाने ती १९६९ साली कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर बारा आण्यांना घेतली होती. दशमान नाणी येऊन बारा वर्षं झाली होती, तरी घाटावरचा भाव आण्यांतच बोलला जायचा.

बोट सुरू करायची म्हणजे चार जणांचं काम. मागच्या बाजूला, पाण्याखाली राहतील अशा, दोन बारीक नळ्या होत्या. एकीच्या तोंडाला ओठ लावून आत पाणी सोडायचं. दुसरीतून थेंब टपकला की डबी भरली. मग दोन्ही नळ्यांची तोंडं बोटांनी दाबून बोट अलगद पाण्यात ठेवायची. पत्र्याच्या चिमुकल्या तबकडीत गोडेतेल घालायचं, त्यात आजीच्या डब्यातली एक फुलवात लावायची आणि तबकडी बोटीच्या पोटात सरकवायची. थोडा वेळ काहीच व्हायचं नाही. कुणी बोलायचं नाही. मग आतला पत्रा एकदा टक् करायचा, पुन्हा एकदा टक्, आणि एकदम फट्फट्फट् सुरू व्हायचं. बोट घंगाळाच्या कडेकडेने गोल फिरायला लागायची. आजी आतून ओरडायची, "अगं, देवाच्या वाती संपवताय का साऱ्या?" पण ती कधी उठून आली नाही.

त्या बोटीत चावी नव्हती की मोटर नव्हती. वातीने वरची चपटी डबी तापते, आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते. ढकलता ढकलता वाफ थंड नळीत पोचते, निवते, आणि बाहेरचं पाणी पुन्हा आत ओढलं जातं. बाहेर पडणारं पाणी सरळ धारेने जातं, आत येणारं चहूबाजूंनी येतं, म्हणून बोट पुढेच सरकते. डबीचं झाकण इतकं पातळ असतं की दर खेपेला ते वर फुगतं आणि खाली बसतं; तो आवाज त्याचा. या जातीच्या बोटीचं पेटंट तोमा पियो नावाच्या एका फ्रेंच माणसाने १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं होतं. हे सगळं मला कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. वाईच्या घाटावर पथारी टाकून बसलेल्या माणसाने ते यंत्र भंगाराच्या पत्र्यातून, कात्री आणि डाग द्यायच्या खाऱ्याच्या जोरावर बनवलेलं होतं, हे लक्षात आल्यावर मला त्याच्याविषयी जो आदर वाटला तो अजून कमी झालेला नाही.

आमच्या लहानपणी खेळणं पंचांगाप्रमाणे यायचं. पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीला किल्ल्यावरचे मावळे, जत्रेला पत्र्याचं काहीतरी. जत्रेतली यादी ठरलेली होती: पिपाणी, भिंगरी, दाबला की टिकटिक करणारा बेडूक, खालचा गोळा फिरवला की फळीवर दाणे टिपणाऱ्या लाकडी कोंबड्या. मुंबईची आत्या आली तर चावीचं काहीतरी मिळायचं. पुण्याला कुणाचं लग्नकार्य निघालं तर तुळशीबागेत भातुकलीतलं एखादं भांडं पदरात पडायचं. संच एकदम कुणाला मिळत नसे. पाटा-वरवंटा एका वर्षी, जातं दुसऱ्या वर्षी, शेगडी आणि बंब मोठ्या बहिणीकडून. माझ्या बंबाला मधोमध धुराडं होतं, खाली जाळी होती आणि त्याची चिमुकली तोटी फिरवली की खरंच पाणी यायचं. वाढदिवसाला खेळणं देतात हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. आमच्याकडे वाढदिवसाला औक्षण आणि गोडाचा शिरा.

मोडलेलं खेळणं टाकून देत नसत. कल्हईवाला दारात आला की आई आधी पातेली काढायची आणि शेवटी आमची निखळलेली चाकं, तुटलेल्या नळ्या. तो भांड्यांचे पैसे घ्यायचा, खेळण्याला डाग द्यायचे कधी घेतले नाहीत. माझ्या बोटीच्या डाव्या नळीशी असा एक जाडजूड डाग अजून आहे. संग्राहकाच्या भाषेत तो दोष. किंमत त्याने उतरते.

दादाकडे एक मोटार होती. खेळण्यातलीच, पण पत्र्याची नव्हे. हातात घेतली की वजन जाणवणारी, जस्ताच्या मिश्रणातून ओतलेली जॅग्वार. तिची डिकी उघडायची. ती मला हातात मिळायची नाही, मी फक्त पाहायची. दादाच्या वर्गात एकाचे काका बोटीवर होते आणि त्याच्याकडे विलायतेहून आलेली अस्सल डिंकी छापाची गाडी होती. त्याने दादाची गाडी उलटी करून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "ही कलकत्त्याची आहे, डिंकी नाही." दादा त्या दिवशी जेवला नाही. पुढे त्याने गाडी कपाटात टाकली ती टाकलीच.

१९९८ मध्ये आजोळचा वाडा पाडायला काढला, तेव्हा आम्ही सगळी मावस-मामे भावंडं सामान आवरायला जमलो. पितळी भांडी मोडीत गेली. लाकडी खांब कुणी घेऊन गेलं. माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात बोट होती, ती मी मागून घेतली. घरी आणून पुसायला बसले तर वरचा पत्रा एका बाजूने सुटलेला. फटीतून बॅटरीचा उजेड टाकला आणि आत पाहिलं. बाहेरून लाल-निळी असलेली बोट आतून पिवळी होती. पिवळ्यावर हिरवं, अर्धं कापलं गेलेलं माडासारखं झाड. ते झाड मी कुठेही ओळखलं असतं. आमच्या पिढीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ते फळीवर उभं असायचं. माझी बोट डालड्याच्या डब्यातून कापलेली होती.

जुन्या खेळण्यांच्या नादाला मी लागले ती तिथून.

डालडा भारतात आला १९३७ साली, म्हणजे त्याआधीची ही बोट असूच शकत नाही. खेळण्याचं वय असं काढतात. जपानमध्येही अशीच गोष्ट घडली आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तिथे पत्रा मिळत नव्हता. कोसुगे नावाच्या कारागिराने अमेरिकन सैनिकांनी रिकामे करून टाकलेले खाण्याचे डबे गोळा केले, त्यांच्या पत्र्यातून छोटी जीप घडवली आणि १९४५ सरता सरता ती विकायला आणली. जपानच्या युद्धोत्तर खेळणी धंद्याची सुरुवात त्या जीपपासून सांगतात. त्या जीपवर लेख आहेत, पुस्तकं आहेत, कोसुगेचं नाव आहे. माझ्या बोटीच्या कारागिराचं नाव कुठेच नाही. हा फरक मला तेव्हापासून टोचत आला आहे.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी रविवारी सकाळी लवकर जायला लागले. नंतर मुंबईच्या चोरबाजारातही, मटण स्ट्रीटवर, शुक्रवारी. सुरुवातीला विक्रेते मला विचारायचे, "ताई, नातवासाठी बघताय का? नवीन देतो की." हळूहळू त्यांना कळलं. मग "मावशी, तुमच्यासाठी ठेवलंय" असं म्हणत गोणपाटाखालून काहीतरी निघायचं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या चाचांनी मला पहिला धडा दिला: खेळणं आधी उलटं करायचं. वरची बाजू मुलांसाठी, खालची आपल्यासाठी.

खालची बाजू वाचता आली पाहिजे. जपानी पत्र्याच्या खेळण्यावर "मेड इन ऑक्युपाइड जपान" असा शिक्का असला तर ते अमेरिकन अंमलाखालच्या वर्षांतलं. एप्रिल १९५२ मध्ये तो अंमल संपला आणि शिक्काही गेला. "यूएस झोन जर्मनी" असेल तर युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. मॅचबॉक्स गाडी असेल तर चाकं पाहायची. आगपेटीत मावतील एवढ्याच वस्तू शाळेत आणायच्या असा मुलीच्या शाळेचा नियम होता, म्हणून लंडनच्या लेझनी कंपनीतल्या जॅक ओडेलने मुलीसाठी तेवढा छोटा रोडरोलर बनवला, आणि त्यातून १९५३ मध्ये मॅचबॉक्स निघाली. पुढे अमेरिकेच्या हॉट व्हील्स सुसाट पळायला लागल्या, तेव्हा १९६९ पासून मॅचबॉक्सनेही बारीक आसाची, झपाट्याने फिरणारी चाकं बसवली. तीच गाडी, तोच रंग, पण चाकावरून ती कोणत्या काळातली ते सांगता येतं.

युद्धापूर्वीच्या डिंकी गाड्या घेताना भिंगातून अंगभर पाहायचं. जस्ताच्या त्या मिश्रणात शिशासारखी भेसळ राहून गेली असेल तर धातू आतून सडतो. आधी केसासारख्या बारीक चिरा दिसतात, मग गाडी वाकते, आणि एक दिवस हातातच भुगा होते. त्याला औषध नाही.

एकदा असंच उलटं करून पाहताना माझ्या हाती एक जॅग्वार आली. तळपत्र्यावर "निकी टॉईज" आणि कलकत्ता. साठचं दशक सरत आलं तेव्हा डिंकीचे काही जुने साचे भारतात आले आणि कलकत्त्यात त्यांतून गाड्या ओतल्या जाऊ लागल्या. साचा तोच, तळाचं मूळ नाव काढून नवं घातलेलं. रंग जरा जाड, चाकं जरा ओबडधोबड. आज या निकी गाड्यांना परदेशातले संग्राहक मुद्दाम शोधत असतात. त्या थोड्या निघाल्या, आणि बहुतेक मुलांनी त्या मरेस्तोवर खेळवल्या. मी दादाला फोन केला. त्याने कपाट उपसलं. गाडी होती. डिकी अजून उघडत होती. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला हवी तर घेऊन जा, पण विकू नकोस." त्याने ती आपल्या टेबलावर ठेवली आहे, आणि मी ती मागितलेली नाही.

फसवणूकही झाली. साधारण वीस वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी पत्र्याचं आगगाडीचं इंजिन घेतलं, चावीचं, जर्मन, लखलखीत. त्याने सांगितलेल्या भावात मला त्या महिन्याचा अर्धा पगार मोजावा लागला. घरी आणून उन्हात धरलं तेव्हा सगळं उघडं पडलं. पत्र्याची खेळणी जोडताना एका पत्र्याची जिभली दुसऱ्याच्या फटीत घालून वळवतात. मूळ रंग पत्रा कापण्याआधीच छापलेला असतो, म्हणून वळलेल्या जिभलीवर तो तडकतो आणि फटीत कधीच साचत नाही. माझ्या इंजिनाच्या फटींत रंग साचून वाळला होता. रंगाखाली जुने ओरखडे आडवेतिडवे दिसत होते. जिथे रिवेट हवी तिथे एक स्क्रू होता. परत न्यायला गेले तेव्हा तो माणूस म्हणाला, "बाई, तुम्ही बघून घेतलंत ना?" ते खरं होतं. मला राग त्याच्या नफ्याचा आला नाही. त्या इंजिनाच्या अंगावरचे खरे ओरखडे त्याने रंगाखाली बुजवले, याचा आला. कुणा मुलाने ते वर्षानुवर्षं फरशीवरून घासत नेलं असणार. तेवढा एकच पुरावा होता त्या मुलाचा.

आणि खोकं. आमच्या लहानपणी खेळण्याचं खोकं संध्याकाळपर्यंत टिकत नसे. आई त्यात बटणं ठेवायची, बाबा खिळे. आज त्याच खोक्यासाठी लोक खेळण्याच्या बरोबरीने पैसे मोजतात, कधी जास्त. मूळ खोक्यासकट, कधीही न खेळलेली वस्तू ही बाजारात सगळ्यात वरची. व्यवहार म्हणून मी हे मान्य करते आणि विकताना खोक्याचे पैसे घेतेही. पण न खेळलेल्या खेळण्याकडे पाहून मला आनंद होत नाही. ते कुणाचं नव्हतंच.

पूर्वी जुन्या खेळण्याला गिऱ्हाईक म्हणजे दारावर येणारी बोहारीण नाहीतर भंगारवाला. वजनावर भाव. आता फोनवर चार फोटो टाकले की तासाभरात कोलकात्याहून, कोचीनहून विचारणा येते. माणसं शिकलेली असतात, कोणत्या वर्षी कोणता आरसा होता ते पाठ सांगतात. फोटोतून जिभल्या दाखवा म्हणतात. हे चांगलं आहे. माझ्यासारखी फसगत आता सहज होत नाही. मात्र चाचांच्या पथारीवर अर्धा तास बसून, चहा पिऊन, वस्तू तीनदा खाली ठेवून पुन्हा उचलून जी घासाघीस व्हायची, तिच्यात ती वस्तू कुठल्या वाड्यातून आली, कुणी विकली, का विकली हेही कळायचं. आता पत्ता कळतो, गोष्ट कळत नाही.

विकलेल्या वस्तूंपैकी एक मला नीट आठवते. एक निवृत्त गृहस्थ घरी आले, मॅचबॉक्सची एक लाल दुमजली बस पाहायला. इतर सगळे आधी गाडी उलटी करतात. त्यांनी ती टेबलावर ठेवली, एका बोटाने ढकलली, आणि ती टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईस्तोवर पाहत राहिले. मग किंमत न विचारता पाकीट काढलं. मी ठरवली होती त्याहून कमी घेतली.

नव्या खेळण्यांवर मी नाक मुरडणार नाही. १ एप्रिल २००१ ला आयातीवरचे उरलेसुरले संख्येचे निर्बंध उठले आणि चिनी खेळणी गल्लोगल्ली आली. ज्या घरात वर्षाला एक खेळणं यायचं तिथे महिन्याला चार यायला लागली. ती चार दिवसांत मोडतात, डाग देता येत नाही, आणि दुरुस्तीला माणूसही नाही. २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर नेलं, २०२३ मध्ये ७० केलं. १ जानेवारी २०२१ पासून मानक ब्यूरोचं चिन्हही सक्तीचं झालं. त्याचं मी स्वागत करते. आमच्या खेळण्यांच्या रंगात शिसं होतं, कडा ब्लेडसारख्या होत्या. माझ्या तर्जनीवर त्या बोटीचीच एक खूण आहे. म्हणून जुनी रंगीत खेळणी लहान मुलांच्या हाती, विशेषतः तोंडाशी, देऊ नयेत हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते.

माझं दुःख वेगळं आहे. विलायती खेळण्याला आज ओळखपत्र आहे. त्याचे कॅटलॉग छापलेले आहेत, क्रमांक आहेत, रंगांच्या याद्या आहेत, म्हणून त्याला भाव आहे. आपल्या खेळण्याच्या तळाशी काहीच लिहिलेलं नाही, म्हणून त्याला भाव नाही. आणि भाव नाही म्हणून कुणी ते ठेवलं नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा घ्या. पन्नास वर्षांपूर्वी पुण्याच्या कसबा पेठेत, साताऱ्यात, कोल्हापुरात कुंभारवाड्यांतून असे हजारो मावळे निघत. सिंहासनावरचे महाराज, तोफेपाशी उभा गोलंदाज, डोक्यावर दुधाचा घडा घेतलेली गवळण, आणि प्रमाणाचा विचार न करता केलेला एक भला मोठा वाघ. दिवाळी संपली की पावसात नाहीतर अडगळीत ते विरघळून, फुटून जायचे. पंचवीस वर्षं मी सत्तर सालच्या आसपासची मातीची गवळण शोधते आहे, हळदी रंगाचं लुगडं नेसलेली. युद्धापूर्वीच्या डिंकी मला दोन मिळाल्या. गवळण एकही नाही. जी वस्तू सगळ्यांकडे होती, तीच आज कुणाकडे नाही.

जे टिकलं ते बहुधा देवाधर्माच्या आधाराने टिकलं. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुलं चाकांचे लाकडी नंदी सजवून रांगेत उभे करतात. काही घरांत पणजोबांचा बैल आजही दरवर्षी बाहेर निघतो, त्याला रंगाचा हात लागतो, पूजा होते आणि तो परत जागेवर जातो. सावंतवाडीच्या चितार आळीतली पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं दिवाणखान्याच्या कपाटात शोभेला बसली, म्हणून वाचली. तिथली गंजिफा आणि लाखकाम राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात पुन्हा उभं केलं, म्हणून ते आजचा दिवस पाहतं आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून दिवे, अडकित्ते, दारं, वाद्यं, बाहुल्या जमवल्या, आणि त्या सगळ्या संग्रहाला नाव दिलं लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. त्या संग्रहालयात गेले की मला प्रत्येक दालनात त्या मुलाची आठवण होते.

दोन वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे त्यांच्या आईची भातुकली घेऊन आल्या. विकायची होती. पिशवीतून एकेक भांडं काढून त्यांनी मांडलं आणि मला धसका बसला. सगळं सोन्यासारखं चमकत होतं. येण्याआधी त्यांनी चिंच आणि रांगोळी लावून तासभर घासलं होतं, चांगलं दिसावं म्हणून. बंबाच्या पोटावर नाव घातलेलं होतं, ठोक्याठोक्यांनी कोरलेलं. त्यातली पहिली दोन अक्षरंच काय ती राहिली होती. मी विचारलं, आईंचं माहेरचं नाव काय? त्यांनी सांगितलं. ती दोन अक्षरं त्याच नावाची होती. आईला ती भातुकली तिच्या आजीने पंढरपूरहून आणून दिली होती, हेही बोलता बोलता निघालं. मी कागद घेतला आणि त्यांच्यासमोर सगळं लिहिलं: नाव, गाव, कुणी कुणाला दिली, अंदाजे साल. मी म्हटलं, "हा कागद बंबात ठेवा आणि मग ठरवा विकायची का." त्यांनी ती भातुकली परत नेली. माझा एक सौदा गेला आणि मला अतिशय बरं वाटलं.

माझ्या बोटीलाही आता चिठ्ठी आहे. वरचा सुटलेला पत्रा मी मुद्दाम बसवलेला नाही. त्या फटीतून आत सरकवली आहे, डालड्याच्या माडाला टेकून: कृष्णाबाईचा उत्सव, वाई, १९६९, बारा आणे, मामाने घेतली, डाव्या नळीचा डाग कल्हईवाल्याचा.

तुमच्याही घरात, माळ्यावर, पलंगाखालच्या ट्रंकेत असं काहीतरी असेल. ते विकायचं असेल तर खुशाल विका, चांगला भाव घ्या. शंभर वर्षांपेक्षा जुनं वाटलं तर आधी जाणकाराला दाखवा, कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने अशा वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्याला नवा रंग देऊ नका, चिंच लावू नका, गंजलेली चावी पिरगाळू नका. आणि घरात ते खेळणं खेळलेलं माणूस अजून असेल तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा. कुठून आलं, कुणी दिलं, काय म्हणायचे त्याला, हे विचारा. चार ओळी लिहा, पेनने नको, पेन्सिलने; शाई उतरते आणि पत्र्याला लागते. ती चिठ्ठी खेळण्याबरोबर जाऊ द्या. आणि त्या आवराआवरीत मातीची एखादी गवळण सापडली, हळदी लुगड्यातली, मग ती कितीही फुटलेली असो, तर मला जरूर कळवा.